बरणीतले केस

डोहाकाठी त्या दिवशी सगळं गाव लोटलं होतं. पोरं बाभळीवर चढली होती, बाया गाड्यांच्या जुवावर बसल्या होत्या, आणि डोहात बसलेल्या म्हशीही माना वळवून काठाकडे बघत होत्या. मधे खाटेवर नुकतेच गावात आलेले पाणीबाबा. त्यांच्यापुढे काचेची मोठी बरणी. वाण्याच्या दुकानात गोळ्या ठेवतात तसली. तीत हौदाचं पाणी भरलेलं.

"बघून घ्या!" बाबा ओरडले. "काच हाय. आरपार दिसतंय. हातात काय न्हाई, जटंत काय न्हाई, पोटात बी काय न्हाई. सकाळधरनं निस्तं दूध घेतलंय."

"किती शेर?" मागून मेहताबने विचारलं.

लोक हसले. बाबा हसले नाहीत. मेहताब ही गावची मनेरीण. घरोघरी बांगड्या भरत फिरायची. तिच्या तोंडाला कुणी लागत नसे, कारण हात तिच्या हातात द्यावा लागे.

बाबांचा चेला छगन याने पळीत अंगारा घेऊन पुढे केला. बाबांनी चिमूट घेतली, डोळे मिटले आणि बरणीवर सोडली. राख पाण्यावर तरंगली. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्या राखेतून एक जांभळा धागा खाली उतरू लागला. मग दुसरा. मग पाच-सात. वळत, लांब होत, हलके हलके तळाकडे.

"क्येस!" बाबांनी किंकाळी मारली. "बाईचे मोकळे क्येस! हौदात बाई हाय!"

बाया गाड्यांवरून खाली उतरल्या. काही पळाल्या, बाकीच्या पुढे सरकल्या.

"हौदावर बसून असनारी बाई कोन हुती? दोर धरून बसायची ती? कातिकात गेली ती? नाव भ पासून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी गोरख. हौदाच्या इंजिनावर कामाला होतो. भागू माझी बायको. कार्तिकात तापाने गेली. चार दिवस अंथरुणावर होती, पाचव्या दिवशी नव्हती. हे सगळ्या गावाला माहीत होतं. बाबांना कसं माहीत, हा प्रश्न त्या वेळी मलाही सुचला नाही. खरं सांगायचं तर मी ते धागे बघत होतो. सहा महिन्यांत मी तिला स्वप्नातही पाहिलं नव्हतं. मी पुढे झालो आणि काचेला तोंड लावून बघितलं.

धागे विरघळले आणि सगळं पाणी लालभडक झालं.

"हा तिचा कोप," बाबा म्हणाले. त्यांनी लिंबू कापलं, मोठ्याने मंत्र म्हटला, लिंबू बरणीत पिळलं आणि लाकडाने ढवळलं. बघता बघता लाल पाणी फिकं झालं, मग अगदी स्वच्छ. जरासं पिवळसर राहिलं.

"ती तिची नाराजी," बाबांनी पिवळ्याचाही खुलासा केला. "बरनीतली बाई मी उतरवली. हौदातली न्हाई उतरली. तिला काढायला अकरा आवसा लागतील. तवर हौदाचं पानी कुनी तोंडात घालायचं न्हाई. डोहाचं प्यायचं. डोह मी मंतरानं बांधलाय. घागरीमागं एक नारळ."

पाटील आबासाहेब यांची आई रंगुबाई पुढे आल्या आणि त्यांनी पहिला नारळ ठेवला. मग रांग लागली.

आता हौदाचं थोडं सांगतो. आमचं गाव गोदावरीच्या काठी, पुणतांब्याच्या वरच्या अंगाला. मोठी लढाई संपायच्या सुमारास काठावरच्या विहिरीवर तेलाचं इंजिन बसलं आणि गावाच्या टेकाडावर दगडी हौद बांधला. वरून बंद, माणूस उतरेल एवढं तोंड, त्यावर लोखंडी झाकण, खाली तोट्या. मला आणि आसपासच्या गावांतल्या इंजिनवाल्यांना शिकायला नगरला बोलावलं होतं. एका पत्र्याच्या शेडात बसवून साहेबांनी आम्हाला शिकवलं. भिंतीवर खिळ्याला एक फाटकं धोतर टांगलं होतं. साहेब रोज त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हे इंजिनाच्या पट्ट्यात सापडलं होतं. आत माणूसही होता." त्या दिवसापासून मी इंजिनाजवळ चड्डी घालतो. गाव हसलं. हसू दे.

हौद साफ करायला उतरायचं तर आधी कंदील दोरीने आत सोडायचा. विझला तर आत वाईट हवा आहे, उतरायचं नाही. जळत राहिला तरी एकट्याने उतरायचं नाही. कमरेला दोर बांधायचा आणि वर कुणीतरी तो धरून बसायचं. नजर दोरावर, दुसरीकडे नाही. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा भागू म्हणाली, "दोर मी धरनार. दुसऱ्या कुनाच्या हातात तुमाला सोडनार न्हाई." ती हौदाच्या तोंडाशी बसायची आणि मी खाली गाळ काढत असताना वरून बोलत राहायची. मी उत्तर दिलं नाही की दोराला हिसका. एकदा मी मुद्दाम गप्प बसलो, तर तिने मला चार हात वर ओढला. म्हणून लोक म्हणत, हौदावर बसणारी बाई.

आणि नगरला शिकवलेली तिसरी गोष्ट लाल औषध. पटकीच्या दिवसांत विहिरीत टाकायचं. काळसर जांभळे दाणे, बादलीत विरघळवायचे आणि संध्याकाळी बाया पाणी भरून गेल्या की विहिरीत ओतायचे. पाणी गुलाबी होतं. सकाळपर्यंत तो गुलाबीपणा जातो. साहेबांनी बजावलं होतं, "लोकांना दाखवू नका. लाल पाणी बघितलं की घाबरतात, सरकारने विष घातलं म्हणतात." म्हणून आमच्या गावात त्या औषधाचा रंग माझ्याशिवाय आणि भागूशिवाय कुणी पाहिला नव्हता.

त्यामुळे बरणी लाल झाल्याचं मला कोडं नव्हतं. घरी येऊन डोकं थंड झालं तसा रंग ओळखीचा वाटला. दुसऱ्या दिवशी मी आबासाहेबांच्या ओट्यावर गेलो.

"आबासाहेब, ते आमचं लाल औषध हाय. राखंत दानं मिसळल्यात बाबानी."

आबासाहेब पान लावत होते. माणूस वाईट नव्हता. शंका घ्यायचा, पण आईच्या पुढे घ्यायचा नाही.

"बरं. तुझं औषध हाय म्हन. ते टाकल्यावर लाली कवा जाती?"

"रातभर लागतंय."

"आन बाबानी किती येळात घालवली?"

"लगीच."

"मंग?" त्यांनी पान तोंडात टाकलं. "तुझं सरकार रातभर बसतंय, बाबा एका मंत्रात मोकळं. मोठा कोन?"

आतून रंगुबाईंचा आवाज आला. "गोरखा, रागावू नगंस. भागू लई गुनाची हुती. पर गुनाची बाईच अडकून पडती रं. वाईट बाया कशाला थांबतील?"

लाल का होतं ते मला सांगता येत होतं. पांढरं का होतं ते येत नव्हतं. आणि अर्धं उत्तर दिलं की लोक उरलेल्या अर्ध्यात देव बसवतात.

पुढचे दिवस वाईट गेले. मी इंजिन चालवायचो, हौद भरायचा, तोट्यांवर चिमण्या बसायच्या. बाया माझ्या डोळ्यांदेखत रिकाम्या घागरी घेऊन टेकाडावरून खाली उतरायच्या आणि डोहावर जायच्या. तिथे म्हशी बसलेल्या, वरच्या अंगाला धुणं चाललेलं. चैत्राचं ऊन, नदीला धार नाही. खालच्या गावात पटकीने दोन माणसं दगावल्याची बातमी आली होती. लोकांनी आपल्या गावाचं दार पटकीला स्वतः उघडलं होतं, आणि दाराला नाव दिलं होतं माझ्या बायकोचं. उद्या कुणाचं पोर गेलं तर लोक डोहाला बोल लावणार नव्हते. म्हणणार, भागूने नेलं.

वर हौद साफ करायची वेळ आली होती. मी दोन गड्यांना विचारलं, दोर धरता का. एकाने पाठ दुखते म्हणून सांगितलं. दुसरा म्हणाला, "दोर धरीन, पर तिनं बी खालून धरला तर?" मी दोर गुंडाळून खुंटीला अडकवला.

त्या दुपारी विहिरीत टाकायचं औषध कालवायला बसलो. कुणी पीत नसलं तरी माझं काम होतं ते. ढवळायची काठी सापडेना. भागू असताना ती दाराआड असायची, आता घरात कुठलीच वस्तू जागेवर नव्हती. मी कंटाळून हातानेच ढवळलं. तसं करू नये. औषध हाताला लागलं की कातडी तपकिरी होते आणि दिवसेंदिवस तशीच राहते. बादली पडवीत ठेवून मी हात बघत बसलो. बोटं आणि नखं तपकिरी झाली होती.

अशी बोटं मी सात दिवसांपूर्वी पाहिली होती. बाबांनी अंगाऱ्याची चिमूट घेतली तेव्हा. छगन म्हणाला होता, देवीने बोटांना शिक्का मारलाय.

दारात मेहताबने ठेवलेलं लिंबू होतं. तिच्या परड्यात लिंबाचं झाड. भागू होती तेव्हा ती दर आठवड्याला एक लिंबू आणून ठेवायची, आणि भागू गेल्यावरही ठेवत राहिली. मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. ती लिंबं तशीच वाळून जात. भागू त्या लिंबाने माझी बोटं घासायची. मी औषध टाकून आलो की चुलीपुढे बसवायची, हात ओढून घ्यायची आणि फोडीने घासत बोलायची, "सरकारचा डाग हाय, सरकार काय काढून देनार न्हाई."

मी लिंबू कापलं आणि पहिल्यांदाच स्वतः घासलं. डाग निघाले. रसाने भरलेला हात धुवायचा म्हणून, विचार न करता, शेजारच्या बादलीत घातला.

बोटांभोवतालचं लाल पाणी पांढरं झालं.

मी हात काढला. परत घातला. उरलेलं लिंबू पिळलं आणि ढवळलं. बादली स्वच्छ झाली. जरासं पिवळसर राहिलं.

मी पडवीत एकटाच मोठ्याने हसलो. कार्तिकापासून पहिल्यांदा. बाबांनी सगळं उघड्यावर केलं होतं. लिंबू आमच्या डोळ्यांसमोर कापलं, डोळ्यांसमोर पिळलं. पण उताऱ्यात लिंबू असतंच, म्हणून लिंबाकडे कुणी बघितलंच नाही. सगळे मंत्र ऐकत होते.

तसाच मेहताबकडे गेलो. ती बांगड्यांच्या माळा लावत होती. मी सांगितलं. तिने हातातली माळ खाली ठेवली.

"या अल्ला! आन त्यो छगन रोज माझ्याच झाडाची लिंबं नेतो. म्हंजे माझ्याच लिंबानं माझ्या भागूआक्काला भूत केलं?"

"तसंच."

"आनखी एक सांगू, गोरखदादा? ह्यो छगन बाबा यायच्या आधी गावात सुया-दोरे विकत फिरत हुता. डोईला पटका हुता तवा. मी वळखला. फेरीवाला फेरीवाल्याला इसरत न्हाई. सुया कमी विकायचा, चौकशा लई करायचा. कोन मेलं, कोनाचं लगीन मोडलं."

"मग बोलली न्हाईस कुठं?"

"मनेरनीचं कोन ऐकतंय? बांगडी फुटली तरी मलाच बोलत्यात." ती उठली आणि झाडाखाली गेली. "उद्या मोठा उतारा हाय न्हवं त्याचा? येऊ दे छगनला."

सकाळी छगन आला तेव्हा झाडावर एकही लिंबू नव्हतं. सगळी मेहताबच्या टोपलीत, बांगड्यांच्या खाली.

"झाडाला ताप आलाय," तिने सांगितलं.

"झाडाला?"

"तुमच्या हौदाला बाई लागती, माझ्या झाडाला ताप येऊ नये व्हय?"

छगन गावभर फिरला. चैत्रात दुसऱ्या कुणाच्या झाडाला लिंबू नव्हतं. पण डोहाकाठी माणसं जमली होती, आबासाहेब खास बैठकीवर होते, आणि बाबांना माघार घ्यायला जागा नव्हती. शिवाय छगन त्यांच्या कानात काही सांगायच्या आत त्यांची चिमूट सुटली होती.

धागे उतरले. बाया ओरडल्या. पाणी लाल झालं. बाबांनी मागे हात केला.

हातात काही आलं नाही.

"लिंबू," बाबा दातांतून बोलले.

"न्हाई," छगन ओठांतून बोलला.

बाबांनी मंत्र म्हटला. पाणी लाल. दुसरा म्हटला. पाणी लाल. मग दोन्ही मंत्र उलटे म्हटले. बरणीवर फुंकर घातली, राख टाकली, तर आणखी धागे उतरले आणि पाणी काळपट झालं. कपाळावरचा घाम भस्मातून ओघळू लागला.

"आज बाई हट्टाला पेटलीया," बाबा म्हणाले.

"आमच्या आबाची बायकू बी हट्टी हाय," रंगुबाई म्हणाल्या, "पर तिला बी एवढा येळ लागत न्हाई."

मी माझी बादली आणि दुसरी बरणी घेऊन पुढे गेलो. गर्दीपुढे मी कधी बोललो नव्हतो.

"आबासाहेब, मला एकदा करून बघू द्या. चुकलं तर अकरा आवसा मी एकटा हौदाचं पानी पिईन."

"कर," आबासाहेब म्हणाले. आईकडे न बघता म्हणाले, हे मी ध्यानात ठेवलं.

मी बरणीत पाणी भरलं. डबीतले चार दाणे रंगुबाईंच्या तळहातावर ठेवले. "काकी, टाका. मंतर म्हनू नगा. निस्तं टाका."

त्यांनी भीत भीत टाकले. जांभळे धागे वळत वळत खाली गेले. म्हातारी वाकून बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "गोरखा, भागूचेच वाटत्यात की रं."

बाया बरणीकडे झुकल्या.

"काकी," मी म्हणालो, "भागूचे क्येस निम्मे पिकले हुते. ह्यांत एक बी पांढरा न्हाई."

म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग बरणीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. "व्हय की," ती म्हणाली. "मीच तिला म्हनायची, इतक्या लवकर कसे पिकले गं."

पाणी लाल झालं. मेहताबने टोपलीतून लिंबू काढून माझ्या हातात दिलं. मी ते कापलं, आणि लोकांची सवय मोडू नये म्हणून मंत्रही म्हटला. मला येत होता तो:

"ॐ फुटव्हॉल्व्ह! ॐ पिस्टन! ॐ वायसर! ॐ इंजिनाचा पट्टा, धोतराचा शत्रू, स्वाहा!"

लिंबू पिळलं. ढवळलं. पाणी स्वच्छ झालं.

बाभळीवरून एक पोर हसून खाली पडलं. त्याला लागलं नाही.

"आता मुक्याने करतो," म्हणून मी दुसऱ्यांदा केलं. तरी स्वच्छ. मग आबासाहेबांनी स्वतः पिळलं. तोंडात पान होतं, मंत्र म्हणायला जागा नव्हती. तरी स्वच्छ. मग मी पुन्हा दाणे टाकले आणि लिंबू न घालता रंगुबाईंना हवे ते मंत्र म्हणायला सांगितलं. त्यांनी मारुती, खंडोबा, म्हाळसा, सगळ्यांना बोलावलं. पाणी लालच.

"म्हंजे?" आबासाहेबांनी विचारलं.

"म्हंजे दान्यानं लाल हुतं आन लिंबानं जातं. देवाचा ह्यात काय संबंध न्हाई. बाईचा बी न्हाई. रंग औषधाचा हाय, आन लिंबाचा रस त्यो मारतो. माझ्या बोटावरचा डाग भागू असाच काढायची. बाबांची बोटं बघा."

बाबांनी हात पाठीमागे घेतले. बायांनी ते पाहिलं, आणि बोटं न दिसताही ती सगळ्यांना दिसली.

"आन नाव कसं कळलं?" मेहताब म्हणाली. "छगनभाऊ, सुया संपल्या का रं?"

छगनने एकदम रस्त्याकडे बघितलं. बाबांनी अजून धीर सोडला नव्हता. उभे राहून त्यांनी दोन्ही हात वर केले. "अज्ञानी लोकहो! बरनी खोटी धरा. पर डोह? डोह म्या बांधलाय! त्याचं पानी अमृत हाय!"

रंगुबाई तडक डोहाकडे गेल्या. तांब्या भरला. एक म्हैस त्यांच्या बाजूलाच उठून उभी राहिली आणि म्हशींनी पाण्यात करू नये ते करून पुन्हा बसली. म्हातारीने तांब्या आणून बाबांपुढे धरला.

"घ्या. आठ दिस आमी पितोय. तुमी येक घोट घ्या."

बाबांनी तांब्यात बघितलं. मग म्हशीकडे बघितलं.

"माझं... दूध चालू हाय," ते म्हणाले.

एवढं पुरे झालं. माझ्या बरणीने जे झालं नसतं ते त्या एका तांब्याने झालं. ज्यांना रसायन कळलं नाही त्यांनाही एक गोष्ट कळली, की हा माणूस आपल्याला पाजतो ते स्वतः पीत नाही. कुणी हात उगारला नाही. आबासाहेबांनी उगारू दिला नाही. गावाने फक्त वाट मोकळी करून दिली, आणि बाबा व छगन त्या वाटेने पुणतांब्याच्या स्टेशनाकडे गेले. नारळ राहिले. पोरांनी फोडले.

दुसऱ्या दिवशी हौद साफ करायचा ठरवला. तोट्या उघडून सगळं पाणी सोडून दिलं. मी झाकण काढलं, कंदील आत सोडला. लोक भोवती उभे होते. कंदील जळत राहिला. त्यांना सांगितलं, हा विझला असता तर भूत नव्हे, वाईट हवा, आणि आपण आज घरी गेलो असतो. कमरेला दोर बांधला. मग दोराचं दुसरं टोक हातात घेऊन उभा राहिलो. कुणाला विचारावं कळेना.

रंगुबाईंनी ते माझ्या हातातून घेतलं आणि भागू बसायची तिथे बसल्या. "मी बसती. पर माझ्या एकटीच्यानं तू वडवनार न्हाईस." मेहताबने त्यांच्या मागे दोर धरला. तिच्यामागे आबासाहेबांनी. मग आणखी कुणी कुणी.

खाली गार होतं. मी गाळ काढत होतो, आणि वरून म्हातारी बोलत होती. भागू बोलायची तसंच, काहीही. भाजी महागली, सून ऐकत नाही. मी खराटा मारत होतो आणि उत्तर द्यायचं विसरलो.

वरून हिसका आला. दोराला अर्धं गाव होतं. मी खराट्यासकट हौदाच्या तोंडातून वर आलो आणि आबासाहेबांच्या अंगावर पडलो.

"जित्ता हाय का?" रंगुबाईंनी विचारलं.

"आता हाय," मी म्हणालो. "परत एकदा असं वढलं तर न्हाई."

त्या वर्षी आमच्या गावात पटकी आली नाही. औषधाने आली नाही की डोह सुटल्याने, हे मी छातीठोक सांगणार नाही. छातीठोक सांगणारे डोहाकाठी बसतात. पण तेव्हापासून मी लाल औषध दिवसाढवळ्या टाकतो. साहेबांची आज्ञा मोडून, सगळ्यांच्या समोर. बाया दाणे बघतात, धागे बघतात, रंग बघतात, आणि सांगितलेलं ऐकतात की हा गुलाबीपणा गेल्याशिवाय प्यायचं नाही. साहेब आले तेव्हा रागावले. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही लपवलंत, म्हणून एकाला त्याचा देव करता आला."

वाचणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पाणी लाल झालं तर घाबरू नका, आणि पांढरं झालं तर नमस्कार करू नका. आधी विचारा, त्यात काय पडलं. चमत्कार करणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नका, हातांकडे बघा. तो पाजतो ते त्याला आधी प्यायला सांगा. आणि आपलं माणूस गेलं असेल, तर त्याला पाण्यात, झाडात, बरणीत शोधू नका. मी शोधलं, काचेला तोंड लावून शोधलं. भागू तिथे नव्हती. ती होती लिंबाच्या फोडीत, जिने माझी बोटं स्वच्छ व्हायची, आणि त्या दोरात, जो आता गावाने धरला आहे.